बोलायला थांबलो, की बोलायचं थांबलो?

या महिन्याची पत्रं वाचायला घेतली आणि लक्षात आलं, की बरेचसे वाचक एकाच जागी अडलेले आहेत. इंग्रजीत एका क्रियापदापुढे दुसरं क्रियापद आलं, की त्याला 'आयएनजी' लावायचं की त्याच्याआधी 'टू' ठेवायचं? म्हणून हे सदर या खेपेला पूर्ण याच प्रश्नाला दिलं आहे. व्याकरणात पहिल्याला जेरंड म्हणतात आणि दुसऱ्याला इन्फिनिटिव्ह. मी मात्र खाली सरळ 'आयएनजी रूप' आणि 'टू रूप' असंच म्हणणार आहे. नावं तोंडपाठ असूनही वाक्यात अडखळणारे विद्यार्थी मी छत्तीस वर्षं पाहत आले आहे.

आणखी एक सांगून टाकते. इंग्रजी शिकताना डोक्यातली मराठी बाजूला ठेवा, असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही, आणि या प्रश्नात तर मुळीच पटत नाही. इथे मराठी कान काही ठिकाणी बोट धरून नेतो आणि काही ठिकाणी चकवतो. कुठे काय होतं ते ओळखता आलं, की पुष्कळसं ओझं उतरतं.

'मला वाचायला आवडतं' याचं मी 'आय एन्जॉय टू रीड' केलं, ते चूक निघालं. मग 'मला वाचायचं आहे' याचं 'आय वॉन्ट रीडिंग' केलं, तर तेही चूक! याला काही नियम आहे, की नुसती यादी पाठ करायची?

तुमची पहिली चूक मराठीतून आली आहे. आपल्याकडे 'वाचायला आवडतं' आणि 'वाचणं आवडतं' ही दोन्ही वाक्यं बिनदिक्कत चालतात. 'आवडणं' दोघांनाही घरात घेतं. 'एन्जॉय' घेत नाही. त्याला पुढे नामच लागतं: 'आय एन्जॉय म्यूझिक', तसंच 'आय एन्जॉय रीडिंग'.

यामागचं कारण समजायला थोडं मागे जावं लागेल. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत क्रियापदाचं मूळ रूप शेवटच्या प्रत्ययावरून ओळखू यायचं. 'गाणे' या क्रियापदाचं रूप 'सिंगन' असं होतं. 'टू' हा त्याचा भाग नव्हताच. 'टू' म्हणजे 'कडे'. दिशा दाखवणारा शब्द. गाण्याकडे, गाण्यासाठी असं म्हणायचं असेल तेव्हा तो जोडत. पुढे शेवटचे प्रत्यय झिजून गेले आणि 'टू' हीच मूळ रूपाची खूण होऊन बसली. 'आयएनजी'चं घराणं वेगळं. तो पहिल्यापासून क्रियापदाचं नाम करणारा प्रत्यय, आपल्या 'णे'सारखा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, त्यात क्रियापदं 'करणें', 'वाचणें' अशीच सापडतात. आजच्या कोशांतही तसंच. आणि याच रूपाला आपण 'वाचण्याचा, वाचण्यात, वाचण्यावरून' असं नामासारखं चालवतो. 'रीडिंग'कडे 'वाचणं' म्हणून पाहा, निम्मी अडचण तिथेच संपते.

'टू'मधली ती जुनी दिशा अजून पुरती पुसलेली नाही. वॉन्ट, होप, डिसाइड, प्लॅन, प्रॉमिस, अग्री, ऑफर, एक्स्पेक्ट ही क्रियापदं पाहा. सगळ्यांची नजर पुढे लागलेली आहे. क्रिया अजून व्हायची आहे. उलट एन्जॉय, फिनिश, अ‍ॅडमिट, मिस, कीप, गिव्ह अप यांच्यापुढे क्रिया एखाद्या वस्तूसारखी हजर असते. जे सुरूच नाही ते संपवणार कसं? जे केलंच नाही ते कबूल काय करणार? म्हणून 'आय फिनिश्ड रायटिंग', 'ही अ‍ॅडमिटेड टेकिंग द की'.

हा कल आहे, कायदा नाही, हे मी मुद्दाम सांगते; कारण कायदा समजून चाललात तर पुढच्याच वळणावर फसाल. 'सजेस्ट', 'कन्सिडर' आणि 'पोस्टपोन' यांची नजर पुढेच असते, तरी त्यांना आयएनजी रूप लागतं. 'मॅनेज', 'फेल' आणि 'प्रिटेंड' यांत भविष्याचं काही नाही, तरी टू रूप येतं. अशा क्रियापदांसाठी पाठांतर करावंच लागतं. फक्त ते सुट्या शब्दांचं करू नका. क्रियापदासमोर स्वतःच्या आयुष्यातलं एक खरं वाक्य लिहा. माझ्या जुन्या वहीत 'फिनिश'समोर 'आय फिनिश्ड चेकिंग द पेपर्स अ‍ॅट मिडनाइट' असं लिहिलेलं आहे. त्या रात्री शेवटची उत्तरपत्रिका खाली ठेवताना बोटांना लागलेली लाल शाई मला अजून दिसते, आणि त्यामुळे 'फिनिश'पुढे 'टू' माझ्या हातून कधी येतच नाही.

'बिगिन', 'स्टार्ट' आणि 'कंटिन्यू' यांना दोन्ही रूपं चालतात, अर्थही जवळपास तोच राहतो. एवढंच पाहा, की 'बिगिनिंग' म्हटल्यावर लगेच दुसरं 'आयएनजी' नको: 'इट इज बिगिनिंग टू रेन'.

'स्टॉप', 'रिमेंबर', 'फरगेट', 'ट्राय' यांच्यापुढे दोन्ही रूपं बरोबर असतात पण अर्थ बदलतो, असं पुस्तकात आहे. तक्ता चार वेळा पाठ केला. परीक्षेत नेमकं उलटं लिहून येते.

तक्ता मिटवून ठेवा. हा फरक तुम्हाला जन्मापासून येतो, कारण मराठी तो रोज करते.

'मी बोलायला थांबले' आणि 'मी बोलायचं थांबले'. डोळे मिटून दोन्ही वाक्यं म्हणा. पहिल्यात मी चालत होते, कोणीतरी भेटलं, पाय थांबले आणि तोंड सुरू झालं. दुसऱ्यात तोंडच बंद झालं. पहिलं 'आय स्टॉप्ड टू टॉक', दुसरं 'आय स्टॉप्ड टॉकिंग'. 'बोलायला' म्हणजे बोलण्यासाठी, तिथे 'टू'ची दिशा आहे. 'बोलायचं' म्हणजे जे चाललं होतं ते.

आता दार. घराबाहेर पडलात, जिना अर्धा उतरलात आणि पाय अडला. कुलूप लावलं का? दोन शक्यता आहेत. 'कुलूप लावायला विसरले' असेल तर 'आय फरगॉट टू लॉक द डोअर'. काम राहूनच गेलं. पण किल्ली फिरवल्याचा खट्ट आवाज कानात आहे, गार कडी हाताला लागली तेही आठवतंय, तर 'कुलूप लावल्याचं मला आठवतंय': 'आय रिमेंबर लॉकिंग द डोअर'. 'लावल्याचं' या शब्दातला 'ल' पाहा. तो झालेल्या गोष्टीचा आहे. मराठीत 'लावल्याचं', 'पाहिल्याचं', 'सांगितल्याचं' असं रूप मनात आलं, की इंग्रजीत आयएनजी रूप येणार असं समजा. आणि दुसऱ्याला बजावायचं असेल, 'आठवणीने कुलूप लाव', तर ते पुढचं काम: 'रिमेंबर टू लॉक द डोअर'. 'फरगेट'पुढे आयएनजी रूप बहुतेक करून नकारात भेटतं. 'आय विल नेव्हर फरगेट मीटिंग हर', म्हणजे तिला भेटल्याचं मी कधीच विसरणार नाही.

'ट्राय' हे माझं सर्वांत लाडकं उदाहरण आहे. अनेक वर्षं मी वर्गात 'एक प्रयत्न, दुसरा प्रयोग' असं समजावत होते आणि मुलं माना डोलवत होती, पण लिहिताना चुकतच होती. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी कधी न बोलणारी, हात वर करून म्हणाली, "म्हणजे 'करायचा प्रयत्न केला' आणि 'करून पाहिलं'?" मी खडू हातात धरून तशीच उभी राहिले. इतकं नेमकं मला एवढ्या वर्षांत सुचलं नव्हतं. 'आय ट्राइड टू ओपन द विंडो': खिडकी उघडायचा प्रयत्न केला, ती फुगून चौकटीत घट्ट बसली होती, दोन्ही हातांनी रेटली, हलली नाही. 'आय ट्राइड ओपनिंग द विंडो': खोलीत कोंदट वाटत होतं, म्हणून खिडकी उघडून पाहिली. खिडकी सहज उघडली. हवा आली की नाही हा पुढचा प्रश्न. तेव्हापासून मी दरवर्षी त्या मुलीचंच वाक्य सांगते.

'रिग्रेट'लाही हेच लागू पडतं. 'सांगायला वाईट वाटतं, की तुमची निवड झाली नाही' हे 'वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू'. हे वाक्य आपल्याकडे नकाराच्या पत्रात येतं, तेव्हा बातमी अजून सांगायची असते. 'त्याला सांगितल्याचा मला पश्चात्ताप होतो' हे 'आय रिग्रेट टेलिंग हिम'. पुन्हा 'सांगितल्याचा'मधला तोच 'ल'. 'गो ऑन'ही तसंच: 'शी वेन्ट ऑन टॉकिंग' म्हणजे ती बोलत राहिली. 'शी वेन्ट ऑन टू टॉक अबाउट हर चाइल्डहुड' म्हणजे आधीचा विषय संपवून मग ती लहानपणाबद्दल बोलायला लागली.

नोकरीच्या अर्जाच्या शेवटी 'आय लुक फॉरवर्ड टू मीट यू' लिहिलं होतं. एका सहकाऱ्याने 'मीटिंग' असं दुरुस्त केलं. 'टू' आहे, मग पुढे मूळ क्रियापद का नाही?

कारण हा 'टू' वेगळा आहे. इंग्रजीत 'टू' दोन कामं करतो. एक, क्रियापदाची खूण. दुसरं, साधं शब्दयोगी अव्यय, आपल्या 'कडे'सारखं. 'लुक फॉरवर्ड टू'मधला 'टू' दुसरा. शब्दयोगी अव्ययापुढे नाम लागतं, आणि क्रियापदाला नाम व्हायचं असेल तर आयएनजी रूपच घ्यावं लागतं.

कोणता 'टू' आहे हे ओळखायला एक सोपी कसोटी आहे: त्याच्यापुढे साधं नाम ठेवून पाहा. 'आय लुक फॉरवर्ड टू युअर लेटर' चालतं. म्हणजे 'टू मीटिंग यू'. 'आय वॉन्ट टू युअर लेटर' चालत नाही. म्हणजे तिथे 'टू मीट'. याच कसोटीने 'ऑब्जेक्ट टू', 'कमिटेड टू', 'अकस्टम्ड टू', 'व्हेन इट कम्स टू' हे सगळे आयएनजीच्या बाजूला जातात.

ही चूक मीसुद्धा केली आहे, तीही आयुष्यातल्या पहिल्या अर्जात. मुलाखतीला बोलावणं आलंच नाही. त्या एका शब्दाने ते अडलं असेल असं मी म्हणत नाही. पण अर्जाची स्थळप्रत पुढे माझ्या एका शिक्षिकेने पाहिली आणि 'मीट'खाली पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढून मला म्हणाल्या, "इथे नाम हवं, बाळ." नियमाचं नाव त्यांनी घेतलंच नाही, आणि मला ते कायमचं कळलं.

याच पत्रात 'यूज्ड टू'बद्दलही विचारलं आहे. 'मी पहाटे उठायचे', म्हणजे आता उठत नाही: 'आय यूज्ड टू गेट अप अर्ली'. 'मला पहाटे उठायची सवय आहे': 'आय अ‍ॅम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली'. मराठीत एकात नुसतं 'उठायचे' आहे आणि दुसऱ्यात 'सवय' हा शब्द उच्चारला जातो. 'सवय' ऐकू आली की आधी 'अ‍ॅम, इज, आर, वॉज' किंवा 'गेट' हवं आणि पुढे आयएनजी रूप. या दोन वाक्यांची गल्लत केली तर समोरचा माणूस तुमच्या आजच्या दिनक्रमाबद्दल उलटाच समज करून घेतो, म्हणून इथे घाई करू नका.

'आय केम हिअर फॉर मीटिंग यू' यात काय चुकलं? 'फॉर' हे शब्दयोगी अव्यय आहे, पुढे आयएनजी आहे, म्हणजे तुमचाच नियम पाळला आहे.

व्याकरणाचा नियम पाळला आहे, पण वाक्य तरी इंग्रजी वाटत नाही. आपण 'भेटण्यासाठी आले' मनात म्हणतो, 'साठी'चा 'फॉर' करतो आणि मोकळे होतो. माणूस कोणत्या हेतूने काही करतो हे सांगायचं, तर इंग्रजीत टू रूप: 'आय केम हिअर टू मीट यू'. मनात 'भेटण्यासाठी'ऐवजी 'भेटायला आले' म्हणा, 'टू' आपोआप येईल.

'फॉर' आणि आयएनजी कुठे? एक, वस्तूचा उपयोग सांगताना: 'धिस ब्रश इज फॉर क्लीनिंग द कीबोर्ड'. दोन, मराठीत जिथे 'बद्दल' येतं तिथे: 'आल्याबद्दल आभार', 'थँक यू फॉर कमिंग'. 'साठी'ला टू आणि 'बद्दल'ला फॉर, एवढं धरलंत तरी पुरेल.

ताई, मी अकरावीत आहे. 'माय टीचर मेड मी टू रीराइट द एसे' यात 'टू' खोडला. मग 'लेट', 'हेल्प' आणि 'सी' यांचं काय?

'लेट' तुला येतंच. 'त्याला जाऊ दे' म्हणताना तू 'जायला दे' म्हणत नाहीस. 'जाऊ' असं आखूड रूप ठेवतेस. इंग्रजीतही तसंच उघडं क्रियापद: 'लेट हिम गो'. फसवतं ते 'मेक'. कारण आपण 'पुन्हा लिहायला लावलं' म्हणतो, आणि 'लिहायला'मागून 'टू' येतो. तिथे कान बंद कर आणि 'मेक'ला 'लेट'ची बहीण समज: 'मेड मी रीराइट'. पण वाक्य उलटवलंस, की 'टू' परत येतो: 'आय वॉज मेड टू रीराइट इट'. 'हेल्प'ला दोन्ही चालतात, 'हेल्प्ड मी फाइंड' किंवा 'हेल्प्ड मी टू फाइंड'.

'सी' आणि 'हिअर'पुढे उघडं क्रियापदही येतं आणि आयएनजी रूपही, आणि फरक पाहण्यासारखा आहे. 'आय सॉ हिम क्रॉसिंग द रोड': त्याला रस्ता ओलांडताना पाहिलं, माझी नजर गेली तेव्हा तो मध्येच होता, पुढे काय झालं ते मी सांगत नाही. 'आय सॉ हिम क्रॉस द रोड': या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलेला पाहिला. साक्षीदाराच्या तोंडी हा फरक फार मोठा ठरू शकतो. तुझं 'ताना' इथे उपयोगी पडेल.

'त्याने यायला नकार दिला' याचं 'ही डिनाइड टू कम' केलं तर चालेल ना?

नाही. मराठीतला 'नकार' दोन अर्थ पोटात घेतो, इंग्रजीने त्यांची दोन घरं केली आहेत. करणार नाही म्हणणं हे 'रिफ्यूज', पुढे टू रूप: 'ही रिफ्यूज्ड टू कम'. केलंच नाही म्हणणं हे 'डिनाय', पुढे आयएनजी रूप: 'ही डिनाइड टेकिंग द मनी'. न झालेल्या गोष्टीकडे टू, झाल्याचा आरोप असलेल्या गोष्टीकडे आयएनजी. पहिल्या उत्तरातला कल इथे अगदी स्वच्छ दिसतो.

याच वाचकाने 'शी सजेस्टेड मी टू जॉइन द कोर्स' असंही लिहिलं आहे. ही आपल्याकडची फार पसरलेली चूक आहे, कार्यालयीन पत्रांत तर मला ती सतत दिसते. 'सजेस्ट'पुढे माणूस आणि टू रूप एकत्र येत नाहीत. 'शी सजेस्टेड जॉइनिंग द कोर्स' म्हणा, किंवा 'शी सजेस्टेड दॅट आय जॉइन द कोर्स'. माणसाला मध्ये आणायचंच असेल तर 'अ‍ॅडव्हाइज' घ्या: 'शी अ‍ॅडव्हाइज्ड मी टू जॉइन'. 'इन्सिस्टेड टू गो', 'सक्सीडेड टू फाइंड', 'प्रिव्हेंटेड मी टू गो' हेही सोडा. त्यांना 'ऑन गोइंग', 'इन फाइंडिंग', 'फ्रॉम गोइंग' लागतं.

शेवटी 'आयएनजी' असलेला प्रत्येक शब्द जेरंड असतो का? 'स्लीपिंग बॅग' आणि 'स्लीपिंग चाइल्ड' यांत काय फरक?

प्रत्येक नसतो. 'स्लीपिंग चाइल्ड' म्हणजे झोपलेलं मूल. ते खरोखर झोपलं आहे. 'स्लीपिंग बॅग' म्हणजे झोपायची पिशवी. पिशवी झोपत नाही. पहिला विशेषणासारखा शब्द आहे, दुसरा नाम. जुन्या इंग्रजीत ही दोन रूपं ऐकायलाही वेगळी होती. विशेषणाचा शेवट 'एन्द' असा होता, नामाचा 'उंग' किंवा 'इंग'. पुढच्या काही शतकांत दोन्ही 'इंग'मध्ये मिसळून गेली आणि आपली पंचाईत झाली.

पण बोलताना ती आजही वेगळी ऐकू येतात. मोठ्याने म्हणून पाहा. 'स्लीपिंग बॅग'मध्ये सगळा जोर 'स्ली'वर पडतो आणि 'बॅग' हळूच मागून येतं. 'स्लीपिंग चाइल्ड'मध्ये 'चाइल्ड'वरही ठळक जोर येतो. 'डान्सिंग टीचर' लिहिलेलं असेल तर नाच शिकवणारा की नाचणारा शिक्षक हे कागदावर कळत नाही. बोलणाऱ्याने 'डान्स'वर जोर दिला की नाच शिकवणारा, 'टीच'वर दिला की नाचणारा. मुलांना मी हे टाळी वाजवून म्हणायला लावते. जिथे टाळी पडते तिथे अर्थ आहे.

'डू यू माइंड माय ओपनिंग द विंडो' बरोबर, की 'मी ओपनिंग'?

दोन्ही बरोबर. यावर मोठमोठ्या माणसांनी वाद घातला आहे. इंग्लंडचे एच. डब्ल्यू. फाउलर 'मी ओपनिंग' या रचनेच्या कडक विरोधात होते. १९२६ साली आलेल्या 'मॉडर्न इंग्लिश यूसेज' या कोशात त्यांनी ती ठामपणे नाकारली. त्यांचं म्हणणं, 'ओपनिंग' नाम आहे तर आधी 'माझं' हवं. डॅनिश व्याकरणकार ओटो येस्पर्सन यांनी चांगल्या लेखकांची वापरातली उदाहरणं पुढे ठेवून त्यांना उत्तर दिलं. मला येस्पर्सन यांची बाजू पटते, कारण भाषा बोलणारे लोक जे पिढ्यानपिढ्या सहज बोलतात त्याला चूक कसं म्हणायचं? तुम्ही औपचारिक लेखनात 'माय' लिहा, बोलताना 'मी' म्हणा. वाक्याच्या सुरुवातीला मात्र लिहिताना 'माय'च चांगलं दिसतं: 'माय ओपनिंग द विंडो वोक हिम'.

'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये दुसरा शब्द घालू नये, हे खरं का?

नाही. 'टू' मुळात सुटा शब्द, हे वर आलंच. 'टू रिअली अंडरस्टँड' खुशाल लिहा. 'वी एक्स्पेक्ट टू मोअर दॅन डबल आवर आउटपुट' या वाक्यात तर 'मोअर दॅन' दुसरीकडे कुठे ठेवताच येत नाही. फक्त 'नॉट' शक्यतो आधी ठेवा: 'आय डिसायडेड नॉट टू गो'.

'द वॉल नीड्स पेंटिंग' असं वाचलं. भिंत रंगवणार कशी? 'टू बी पेंटेड' हवं ना?

'द वॉल नीड्स टू बी पेंटेड' हेही बरोबरच आहे, आणि अर्थ तोच. पण पहिल्या वाक्याचं आश्चर्य वाटायचं कारण नाही. 'भिंत रंगवायला हवी' असं आपणही म्हणतो. तिथे रंगवणारी भिंत आहे असं कोणाच्या मनातही येत नाही. रंगवणारा वाक्यात नाही एवढंच. इंग्रजीत 'नीड'चा कर्ता वस्तू असेल आणि पुढे आयएनजी रूप असेल, तर ते काम त्या वस्तूवर व्हायचं आहे असं समजायचं. 'माय शूज नीड क्लीनिंग', 'धिस लेटर नीड्स चेकिंग'. आणि कर्ता माणूस असेल, काम त्यानेच करायचं असेल, तर टू रूप: 'मला भिंत रंगवायला हवी', 'आय नीड टू पेंट द वॉल'. मराठीत या दोन वाक्यांत फक्त 'मला'चा फरक आहे. इंग्रजीत लिहायच्या आधी तो 'मला' आहे की नाही एवढं पाहा.